नाव आहे, पत्ता नाही

आमच्या मराठी विभागात बाहेरची माणसे बहुधा दोनच कामांसाठी येतात. लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन तपासून घ्यायला, नाहीतर कुणाच्या सत्काराचे मानपत्र लिहून घ्यायला. गेल्या पावसाळ्यात आमची एक माजी विद्यार्थिनी तिसरेच काम घेऊन आली. मराठी विषय घेऊन बी. ए. झाल्यावर तिने संगणकाची पदविका केली. आता ती बोईसरच्या एका लहानशा कंपनीत संगणकांची देखभाल पाहते आणि संध्याकाळी औद्योगिक वसाहतीतल्या, आयटीआय झालेल्या मुलांना शिकवते. या मुलांसाठी तिने पीएचपी या संगणकभाषेच्या माहितीपुस्तिकेतली काही पाने मराठीत उतरवली होती. पाने मोजकी, सात-आठ. विषयही एकच : संकेतस्थळाचे नाव दिले असता त्यावरून त्याचा पत्ता काढून देणारी फंक्शने. "सर, मॅडम, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून द्या," एवढेच तिचे म्हणणे होते. ऱ्हस्व-दीर्घाचे काम अर्ध्या तासात झाले. उरलेल्या कामाला आम्हा दोघांना पाच रविवार लागले, आणि आपण इतकी वर्षे वर्गात 'भाषेचा काटेकोर वापर' म्हणून जे शिकवत आलो ते नेमके काय होते, असा प्रश्न त्या पाच रविवारांनी आमच्यापुढे उभा केला.

चौथ्या ओळीलाच आम्ही अडखळलो. ओळ अशी होती : 'निर्दिष्ट यजमान सापडला नाही.' आमच्यापैकी एकीला हसू आवरेना. आमच्या घराघरांतून अजूनही बायका नवऱ्याचा उल्लेख 'आमचे यजमान' असा करतात. ते सापडत नसतील तर संगणकाकडे विचारणा करण्याआधी बोईसर पोलीस ठाण्यात जाणे बरे! इंग्रजीतल्या 'होस्ट' या शब्दाला कोशात 'यजमान' हा प्रतिशब्द मिळाला आणि तो तसाच वाक्यात बसवला गेला, इतकीच त्यामागची कथा. पुढे 'नावाचे निराकरण' आले. शंकेचे निराकरण होते, अडचणीचे होते, म्हणजे ती नाहीशी होते. नावाचे निराकरण झाले तर नाव राहील का? साठवलेले उत्तर किती वेळ ग्राह्य धरायचे, त्या कालावधीला 'जगण्याची वेळ' असे म्हटले होते. आणि नावातले रोमन अक्षर मोठे असो की लहान, संगणक ते एकच मानतो, या साध्या गोष्टीसाठी वाक्य होते : 'नावे केस-असंवेदनशील असतात.' यावर टक्कल पडलेल्या सरांनी काय म्हटले ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

हसून झाल्यावर आम्ही प्रतिशब्दांच्या मागे लागलो. मराठीच्या प्राध्यापकांचा हा जुना रोग आहे. शिवकालात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन होऊन परिभाषाकोशांचे काम सुरू झाले. आमच्या परंपरेत नवे ज्ञान आले की आधी नामे घडवायची, अशी रीत आहे. तिने 'महापौर' आणि 'दिनांक' असे आज सहज बोलले जाणारे शब्दही दिले, हे विसरता येणार नाही. परंतु दोन रविवार नामांशी झटापट केल्यावर आमच्या लक्षात आले की 'यजमान'च्या जागी 'होस्ट' ठेवला, 'पृच्छा'च्या जागी 'विचारणा' आणि 'अभिलेखा'च्या जागी 'नोंद' आणली, तरी वाक्य होते तितकेच आंधळे राहते. 'निर्दिष्ट होस्ट सापडला नाही' या वाक्यात कोण शोधत होते, कुठे शोधत होते आणि सापडले नाही म्हणजे काय झाले, यातले काहीच कळत नाही. दोष नामात असेलही, पण अधिक दोष 'नाही'मध्ये होता.

इथे थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. इंटरनेटवरचा प्रत्येक संगणक आकड्यांच्या पत्त्याने ओळखला जातो, आणि माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. सुरुवातीच्या काळात सगळी नावे आणि त्यांचे पत्ते एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा विभाग सांभाळी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यादी वाढत गेली, तशी ही रीत अपुरी पडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी व्यवस्था मांडली. एकच यादी न ठेवता प्रत्येकाने आपापल्या हद्दीतली नावे सांभाळावीत आणि विचारणाऱ्याने पायरीपायरीने विचारत जावे, अशी ती व्यवस्था. तिलाच आज डीएनएस म्हणतात. गावाच्या जमिनींची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते, तालुक्याला किंवा मंत्रालयात जाऊन गट क्रमांक विचारला तर तिथला मनुष्य फार तर कोणत्या तलाठ्याकडे जायचे ते सांगतो, तसेच हे. गंमत अशी की नावावरून पत्ता देणारे 'गेटहोस्टबायनेम' हे फंक्शन बर्कली युनिक्समध्ये आले तेही १९८३ सालीच, आणि तेव्हा ते फक्त स्वतःजवळच्या यादीची फाइल वाचत असे. यादीत नाव नसले तर 'सापडले नाही' हे उत्तर पुरेसे होते. कारण यादी हातात होती, ती शेवटपर्यंत वाचून झाली होती आणि तीत नाव नव्हते.

नवी व्यवस्था आल्यावर 'सापडले नाही'चे तुकडे झाले. विचारणारा आता दुसऱ्याला विचारतो, तो तिसऱ्याला. मधला एखादा गप्प राहू शकतो. म्हणून हे फंक्शन अपयशाची चार कारणे वेगवेगळी सांगू लागले. ती आम्ही आमच्या मराठीत मांडतो. पहिले : असे नावच नाही. दुसरे : आत्ता उत्तर मिळाले नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. तिसरे : ज्याला विचारले त्याच्याकडेच बिघाड आहे, पुन्हा विचारूनही उपयोग नाही. चौथे : नाव आहे, पण त्या नावाला पत्ता नाही. युनिक्सच्या मूळ इंग्रजी पानांवर हे चार प्रकार निरनिराळे आहेत. आमच्या विद्यार्थिनीच्या मसुद्यात चारही ठिकाणी 'सापडले नाही' किंवा 'उपलब्ध नाही' असे होते. तिला आम्ही दोष देत नाही. सरकारी परिपत्रकांतून, बँकेच्या पाट्यांवरून आणि (हे कबूल केले पाहिजे) आमच्या प्रश्नपत्रिकांवरच्या सूचनांतून जी मराठी तिच्या कानांवर पडली, तीत नकाराला हे दोनच चेहरे होते.

हा नुसता काथ्याकूट आहे, असे कुणाला वाटेल. आम्हालाही काही वर्षांपूर्वी वाटले असते. म्हणून एक प्रसंग सांगतो. विक्रमगडच्या बाजूचा आमचा एक विद्यार्थी, घरातला महाविद्यालयात आलेला पहिलाच मुलगा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला शेवटच्या दिवशी दुपारी विभागातल्या संगणकावर बसला होता. पडद्यावर मराठीत शब्द उमटले : 'नाव सापडले नाही. कृपया तपासा.' त्याच्या नावाचा इतिहास आम्हाला माहीत होता. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे, अशी त्याच्या आडनावाची तीन रूपे होती. त्याने आम्हाला बोलावले. आम्ही दोघांनी ते वाक्य वाचले, आणि मराठीचे प्राध्यापक या नात्याने त्याचा अर्थ त्याला समजावून सांगितला : तुझे नाव यादीत नाही, दाखल्यांवरची नावे आधी सारखी करून घे. तो उठून एसटी स्टँडकडे गेला. मुदत त्याच रात्री संपली.

पुढे कधीतरी बोलता बोलता हा प्रसंग आम्ही या विद्यार्थिनीला सांगितला, तेव्हा ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ते नाव त्याचं नसणार. पलीकडच्या संगणकाचं असणार." अर्ज जिथे पोचायचा त्या संगणकाच्या नावावरून पत्ता निघत नव्हता, इतकाच त्या ओळीचा अर्थ असावा. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा, एवढे लिहिले असते तर तो मुलगा थांबला असता. त्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. परकी शब्द नव्हता. आम्ही त्याला व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरवून दहापैकी दहा गुण दिले असते. आणि ते चुकीच्या माणसाबद्दल, चुकीची गोष्ट, ठामपणे सांगत होते. त्याचे एक वर्षाचे पैसे गेले, आणि ते जाण्यात त्या वाक्याइतकाच आमचाही वाटा होता.

म्हणून तिसऱ्या रविवारपासून आम्ही प्रतिशब्द बाजूला ठेवले आणि क्रियापदांकडे वळलो. तिथे मात्र आपली भाषा किती समृद्ध आहे, याचा प्रत्यय आला. मराठीत 'नाही' आहे आणि 'नव्हे'ही आहे. 'हे नाव नाही' आणि 'हे नाव नव्हे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात नाव म्हणून ते ठीक आहे, पण तसे कुणी अस्तित्वात नाही. दुसऱ्यात जे दिले ते नाव म्हणण्याच्या लायकीचेच नाही. डीएनएसच्या नियमांनुसार नावातला ठिपक्यांमधला एकेक भाग ६३ बाइटांहून मोठा असता कामा नये. सत्तर अक्षरांचा रोमन भाग देणाऱ्याला 'सापडले नाही' असे सांगणे म्हणजे अर्जच चुकीच्या नमुन्यात भरलेल्या माणसाला 'साहेब जागेवर नाहीत' असे सांगून परत पाठवणे आहे. त्याला 'हे नाव नव्हे' असे सांगता येते. 'कळले नाही' आणि 'कळत नाही' यांतही फरक आहे : एकात झालेला एक प्रयत्न फसला, दुसऱ्यात अडचण चालूच आहे. 'मिळाले नाही' म्हणताना शोधणारा आपल्याकडे थोडी जबाबदारी घेतो, 'नाही' म्हणताना ती जगावर टाकतो. बोलताना आपण हे सारे भेद न चुकता पाळतो. मासळीबाजारात 'पापलेट नाही', 'पापलेट आलं नाही' आणि 'हे पापलेट नव्हे' ही तीन वाक्ये ऐकणाऱ्या सातपाटीच्या कोळणीला त्यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. लिहायला बसलो की मात्र हे सगळे विसरून आपण 'उपलब्ध नाही'च्या आडोशाला जातो.

चौथ्या प्रकारासाठी, म्हणजे नाव आहे पण पत्ता नाही यासाठी, विद्यार्थिनीने 'बेपत्ता' हा शब्द सुचवला होता. शब्द मोठा मोहक. पण बेपत्ता माणसाला कधीकाळी पत्ता होता, आणि त्याचा शोध चालू असतो. इथे तसे काहीच गृहीत नाही. मोह आवरून आम्ही शब्दाऐवजी वाक्यच ठेवले.

इंग्रजी पाने स्वच्छ आणि मराठीच तेवढी गबाळी, असे मात्र मुळीच नाही. इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज 'आरएफसी' या नावाने क्रमांकवार निघतात. त्यांतल्या १९८७ सालच्या १०३५ व्या दस्तऐवजात 'असे नावच नाही' या उत्तराला दिलेले नाव होते 'नेम एरर', म्हणजे नावातली चूक. नाव अस्तित्वात नसणे ही नावाची चूक कशी? मार्च १९९८ मधल्या २३०८ व्या दस्तऐवजात त्याच उत्तरासाठी 'असे डोमेन अस्तित्वात नाही' या अर्थाचा संक्षेप पर्याय म्हणून वापरला गेला, आणि 'नाव आहे, पण मागितलेली नोंद नाही' ही अवस्था त्यापासून वेगळी काढून तिलाही नाव दिले गेले. त्याआधी जुलै १९९७ मधल्या २१८१ व्या दस्तऐवजाने आणखी एक गोंधळ निस्तरला होता. एखाद्या संगणकाला टोपणनाव द्यायचे असेल तर टोपणनावापुढे मूळ नावाची नोंद करतात. या नोंदीच्या प्रकाराला 'सीनेम' म्हणतात, आणि त्याचा अर्थ 'प्रमाण नाव' असा. पण लोक टोपणनावालाच 'सीनेम' म्हणू लागले, म्हणजे 'कुसुमाग्रज' हे मूळ नाव आणि विष्णू वामन शिरवाडकर हे टोपणनाव, असे उलटे झाले. त्या दस्तऐवजाच्या लेखकांनी हा प्रघात दुर्दैवी असल्याचे स्पष्ट नोंदवले आहे. पुढे तर डीएनएसच्या परिभाषेचाच स्वतंत्र दस्तऐवज काढावा लागला : २०१५ साली एक, २०१९ साली तो सुधारून दुसरा आणि २०२४ साली तिसरा. व्यवस्था मांडली गेल्याला चाळीस वर्षे उलटल्यावरही अभियंते शब्दांचे अर्थ नीट लावत बसले आहेत, हे वाचून आम्हाला भाषेचे प्राध्यापक म्हणून जरा बरे वाटले, हे लपवत नाही. 'टोपणनाव' हा आपला शब्द तर या कामाला इतका चपखल आहे की तिथे आमची काही मिनिटेही खर्ची पडली नाहीत. मसुद्यातले 'उपनाम' आम्ही काढून टाकले. ते वाचून मुलांनी आडनाव भरले असते.

आता आमची फजिती. पीएचपीतले गेटहोस्टबायनेम पत्ता मिळाला तर पत्ता देते आणि न मिळाला तर चूक झाली असे न सांगता, दिलेले नावच जसेच्या तसे परत करते. स्टेशनाबाहेर कुणाला 'तारापूर कुठे हो?' म्हणून विचारावे आणि त्याने 'तारापूर ना? तारापूर' असे उत्तर द्यावे, तसा हा प्रकार. मसुद्यातले वाक्य होते : 'अपयशाच्या प्रसंगी सदर फंक्शनद्वारे अपरिवर्तित यजमाननाम परत करण्यात येते.' आम्ही उत्साहाने लिहिले : 'पत्ता मिळाला नाही, तर हे फंक्शन तुम्ही दिलेले नावच परत देते. म्हणून उत्तर दिलेल्या मजकुरासारखेच आले, तर पत्ता मिळाला नाही असे समजावे.' वाचायला वाक्य कसे झुळझुळीत! विद्यार्थिनीने ते दोनदा वाचले आणि भीतभीत विचारले, "सर, पण कुणी नावाऐवजी आकड्यांचा पत्ताच दिला तर? तेव्हाही तोच परत येतो. तेव्हा काही चुकलेलं नसतं."

आमचे दुसरे वाक्य सरळसरळ खोटे होते. मसुद्यातले ओबडधोबड वाक्य कानाला टोचत होते, पण जे सांगत होते ते खरे होते. आम्ही त्याला सुबक केले आणि सुबक करताना त्याच्या शेपटीला स्वतःचा एक निष्कर्ष बांधला. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी मराठी क्रमिक पुस्तकांची भाषा 'सुधारली', तिच्यावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या काळापासून टीका होत आली. ती टीका आम्ही वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगतो. त्या दिवशी आम्हीच कँडीसाहेबांच्या खुर्चीत बसलो होतो. त्यानंतर तिघांनी मिळून नियम केला : आम्ही वाक्य बदलायचे, आणि तिने ते संगणकावर चालवून पाहून होकार दिल्याशिवाय ते पानावर जायचे नाही. सुधारलेल्या मराठीची परीक्षा संगणकावर घ्यायची, ही कल्पना आमच्या विद्यापीठीय मनाला पचायला जड गेली. पण आजवर आमच्या मराठीची परीक्षा घेतली ती आमच्यासारख्याच मराठीच्या प्राध्यापकांनी, हेही तितकेच खरे.

या कामाबद्दल आमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा की हे वाचणार कोण? फंक्शनाचे नाव रोमनमध्येच टंकायचे, चुकीचा संदेश इंग्रजीतच येणार, नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीच विचारणार. मग मराठी पान कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि आम्ही तो झटकून टाकत नाही. मुलांना इंग्रजी पान वाचता आलेच पाहिजे. तरीही संध्याकाळच्या त्या वर्गात बसून आम्ही जे पाहिले ते सांगतो. मुले इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचतात आणि मग एकमेकांना मराठीत सांगतात, "म्हणजे नाही सापडलं." समजणे मराठीतच घडत होते आणि तिथेच चार नकारांचा एक नकार होत होता. 'नाव आहे, पत्ता नाही' हे वाक्य वाचल्यावर मागच्या बाकावरचा, दिवसपाळी करून आलेला मुलगा आपणहून म्हणाला, "म्हणजे नोंद करायची राहिली असंल." निदान बरोबर होते. इंग्रजी पानावरून तो तिथे पोचला नसता असे नाही, पण कदाचित सव्वा तास उशिरा पोचला असता, आणि त्याची शेवटची रिक्षा सव्वानऊला सुटते.

नावे आणि पत्ते यांचा घोळ आमच्या भागाला नवा नाही. तारापूर म्हणजे खाडीकाठचे किल्ल्याचे गाव. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकले ते हेच. तारापूर म्हणजे १९६९ साली वीज देऊ लागलेले देशातले पहिले अणुवीज केंद्रही, आणि तारापूर म्हणजे एमआयडीसीही, जिच्यासाठी उतरायचे मात्र बोईसरला. एका नावाला तीन पत्ते. मुलाखतीचे पत्र घेऊन आलेली कितीतरी मुले आधी समुद्राकडे जाऊन मग परत फिरली आहेत. पीएचपीत यासाठी गेटहोस्टबायनेमएल नावाचे वेगळे फंक्शन आहे, ते एकच पत्ता न देता मिळतील तेवढ्या पत्त्यांची यादी देते. त्याच्या पानावर आम्ही तारापूरचेच उदाहरण दिले आहे. 'जगण्याची वेळ'च्या जागी 'मुदत' आली, आणि तिचे उदाहरणही शोधावे लागले नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, पण त्यानंतरही कितीतरी दिवस आमच्या महाविद्यालयाला येणाऱ्या पाकिटांवर 'जि. ठाणे' असे. पाठवणाऱ्यांच्या वहीत उतरवलेल्या पत्त्याची मुदत संपली नव्हती. मुलांच्या दाखल्यांवर तर अजूनही दोन्ही जिल्हे आढळतात.

त्याच महिन्यात, २७ ऑगस्ट २०१४ रोजी, देवनागरीतले '.भारत' हे डोमेन खुले झाले आणि मराठी नाव मराठी लिपीत लिहून पत्ता काढण्याची सोय झाली. त्यानिमित्ताने आमच्या अभ्यासाच्या अगदी जिव्हाळ्याची एक गोष्ट कळली. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे आपल्यासाठी दोन शब्द. इथे तर एका बाजूला डहाणूपासून सातपाटीपर्यंत दर्या आणि दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याच्या दऱ्या. संगणकावर 'दऱ्या'तला तो आडवा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतल्या एकीत न दिसणारे जोडचिन्ह वापरावे लागते. २००३ सालच्या नियमांप्रमाणे नाव शोधण्यापूर्वी ते जोडचिन्ह गाळले जाई. म्हणजे 'दऱ्या' विचारावे आणि शोध 'दर्या'चा व्हावा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमांनी ते जोडचिन्ह योग्य जागी असेल तर चालेल असे ठरवले. हा भेद आमच्या विद्यार्थिनीच्या मूळ पानांत नव्हता. तो आम्ही हट्टाने अर्ध्या पानाची टीप म्हणून घातला. तिने ती ठेवली. मुलांनी ती टाळून पुढचे पान उलटले, हेही सांगायला हवे.

आता पुस्तिका छापून झाली आहे. फक्त चौथ्या नकाराच्या पानावर उदाहरणाची चौकट रिकामी राहिली आहे. 'नाव आहे, पत्ता नाही' याला स्थानिक उदाहरण काय द्यावे, यावर शेवटच्या रविवारी बोलणे झाले, तेव्हा आमच्यापैकी एकाने सहज 'पोफरण' म्हटले. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. चौथी भट्टी २००५ साली चालू झाली आणि तिसरी २००६ साली. उदाहरण आम्हाला अचूक वाटले होते. विद्यार्थिनीचे आजोळ पोफरणचे, हे आमच्या ध्यानात नव्हते.

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली की उदाहरण चुकीचे आहे, कारण गावाचे पुनर्वसन झाले आहे आणि नव्या वस्तीलाही पोफरणच म्हणतात, तेव्हा नावाला पत्ता आहे, टपालही येते. आम्ही ते मान्य केले. मग वही मिटता मिटता म्हणाली, "आजी मात्र पोफरण म्हणते तेव्हा कुंपणापलीकडचंच म्हणते. नव्या घराला ती 'इकडं' म्हणते." मग हे उदाहरण मुदतीच्या पानावर घालावे का, असे आमच्यापैकी एकाने विचारले. ती नको म्हणाली. चौकट तशीच छापली आहे.